मिठाचं हिमफूल का फसलं, आणि नाताळच्या सुट्टीत त्याऐवजी काय करता येईल

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरात सहा आणि दहा वर्षांची दोन मुलं, नाताळची आठवडाभराची सुट्टी, आणि घरातल्या सामानात जमतील असे नाताळच्या वळणाचे सोपे प्रयोग हवे आहेत. दिव्यांच्या माळेचं काही करता येईल का, हेही विचारलंय. एक प्रयोग आधीच फसलाय. गरम पाण्यात मीठ विरघळवलं, त्यात तारेचं सहा हातांचं हिमफूल रात्रभर टांगून ठेवलं. सकाळी तारेवर काही म्हणजे काही नव्हतं आणि धाकटीनं घर डोक्यावर घेतलं.

आधी त्या फसलेल्या बरणीचं बघू. मुलांसोबत प्रयोग करण्यात माझी वीसेक वर्षं गेली, आणि हिमफुलाची ही तक्रार मी दर डिसेंबरात ऐकते.

दोष तुमचा नाही, मिठाचा आहे. २० अंश सेल्सिअसला १०० मिलिलिटर पाण्यात जवळपास ३६ ग्रॅम मीठ विरघळतं. तेच पाणी उकळीपर्यंत तापवलं तरी आकडा जेमतेम ३९ वर जातो. म्हणजे गरम पाण्यात कितीही मीठ कोंबलं तरी ते गार होताना दोन-तीन ग्रॅमच बाहेर पडणार, आणि तेही बहुधा तळाशी जाऊन बसणार. मिठाचे स्फटिक हवे असतील तर पाणी उडून जायला हवं. त्याला एक रात्र पुरत नाही, बरेच दिवस लागतात. तुरटीचा हिशेब निराळा आहे. २० अंशांना १०० मिलिलिटरमध्ये ती सुमारे १४ ग्रॅम विरघळते, ५० अंशांना सुमारे ३७ ग्रॅम. गरम पाण्याला दिलेली तुरटी गार होताना अर्ध्याहून अधिक परत मिळते. रात्रभरात सजावट हवी असेल तर मीठ सोडा, तुरटी घ्या.

३०० मिलिलिटर गरम पाण्यात साधारण १०० ग्रॅम तुरटीची पूड ढवळून पूर्ण विरघळवा. पाणी उकळतं असण्याची गरज नाही, हाताला चांगलं चटका देण्याइतकं पुरे. ढवळण्याचं काम मोठ्यांनी करायचं. तळाशी गाळ दिसला तर फडक्यातून गाळून घ्या. तारेवर लोकरीचा धागा घट्ट गुंडाळा, कारण गुळगुळीत तारेवर स्फटिकाला पाय रोवायला जागा मिळत नाही. मग तो आकार बरणीच्या भिंतीला आणि तळाला न टेकता लोंबकळेल असा काडीला बांधा. वर कागद झाका आणि बरणी हलणार नाही अशा जागी ठेवून द्या. लवकर व्हावं म्हणून फ्रिजमध्ये ठेवू नका. झटकन गार झालेल्या द्रावणातून बारीक भुकटी पडते. सावकाश गार झालं तर कणांना ओळीनं रचून घ्यायला वेळ मिळतो आणि चकचकीत पैलू दिसतात. आणखी एक, काचेची बरणी आधी कोमट पाण्यानं विसळून घ्या. मी एकदा दहा मुलांसमोर कढत द्रावण थंड बरणीत ओतलं, बरणीचा तळ अख्खा निखळून पडला आणि टेबलावर पूर आला. मुलांच्या लेखी त्या दिवसाचा सर्वात यशस्वी प्रयोग तोच होता.

सकाळी तारेवर आठ पैलूंचे खडे दिसतील, जणू दोन पिरॅमिड बुडाला बूड लावून चिकटवलेत. इथे मुलांना खरं सांगा: हे हिमफूल नाही. सहा हात तुम्ही तारेला दिलेत, तुरटीला सहाचं काही अगत्य नाही. खरं हिमफूल सहा कोनांचंच का, हा प्रश्न खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लरनं १६११ साली प्रागमध्ये आपल्या आश्रयदात्याला नववर्षाची भेट म्हणून लिहिलेल्या छोट्याशा पुस्तिकेत विचारला होता. बारीक गोळे दाटीवाटीनं रचले तर षटकोन आपोआप तयार होतो, इथवर तो पोचला आणि थांबला. बर्फात पाण्याचे रेणू खरोखरच षटकोनी जाळीत बसतात, हे कळायला पुढची तीनशे वर्षं जावी लागली. अमेरिकेत व्हरमाँटमधल्या विल्सन बेंटली नावाच्या शेतकऱ्यानं १५ जानेवारी १८८५ रोजी सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून एका हिमस्फटिकाचा पहिला फोटो काढला, आणि आयुष्यभरात असे पाच हजारांवर फोटो जमवले. १९३६ मध्ये जपानच्या होक्काइडोत उकिचिरो नाकाया यांनी सशाच्या केसाच्या टोकावर प्रयोगशाळेत हिमस्फटिक वाढवला. उणे ५ अंशांच्या आसपास सुया आणि उणे १५ च्या आसपास तारे, असा तापमानाप्रमाणे आकार बदलतो हे त्यांनी दाखवलं.

हे ऐकल्यावर दहा वर्षांच्या मुलाला एक काम द्या: घरात आणि आजूबाजूला जितकी छापील, कातरलेली, रंगवलेली हिमफुलं दिसतील त्यांचे हात मोजायचे. आठ हातांची बरीच सापडतील. मोठ्यांच्या चुका शोधण्याइतकं दुसरं कुठलंच काम मुलं मन लावून करत नाहीत. कागदाचं बरोबर फूल कातरायचं तर गोल कागद आधी अर्धा दुमडा, मग तीन सारख्या भागांत, मग पुन्हा अर्धा. तीनदा नुसता अर्धा-अर्धा दुमडत गेलात की चारच्या पटीतलं फूल निघतं. आठ हातांची फुलं येतात ती तिथूनच.

आता घरात खरा हिमाचा थर बसवूया. माझ्या मते आठवड्यात एकच प्रयोग करणार असाल तर हा करा. स्टीलचा पेला बाहेरून कोरडा पुसून घ्या. त्यात बारीक फोडलेला बर्फ आणि मीठ वजनानं तीनास एक घालून चमच्यानं ढवळा. टेबलावर एक पातळ लाकडी फळी किंवा पुठ्ठा ठेवा, त्यावर चमचाभर पाणी सांडा आणि पेला त्या पाण्यावर ठेवा. काही मिनिटांत पेल्यावर आधी दव येतं, मग ते गोठतं, आणि त्यावर पांढरा खरखरीत थर चढू लागतो. पेला उचलून बघा, फळीही सोबत उचलली जाते! शेजारी नुसता बर्फ भरलेला दुसरा पेला ठेवायला विसरू नका. त्याच्यावर फक्त पाणी ओघळतं. दोन्ही पेल्यांत बर्फ, खोली तीच, फरक एका मिठाचा. तो दुसरा पेला नसेल तर ही नुसती जादू होते. तो असला की प्रयोग होतो.

मीठ घातल्यावर बर्फ वितळतो, तरी पेला आणखी गार कसा होतो? हा प्रश्न मुलं विचारतीलच, आणि नाही विचारला तर तुम्ही विचारा. बर्फाला पाणी व्हायला उष्णता लागते, एका ग्रॅमला ३३४ ज्यूल. मीठ बर्फाला शून्याखालीही वितळायला लावतं, आणि त्यासाठी लागणारी उष्णता तो मिश्रणातून आणि पेल्यातूनच ओढून घेतो. मीठ-बर्फाची ही जोडी अगदी उत्तम प्रमाणात असली तर उणे २१ अंशांपर्यंत जाऊ शकते. घरी उणे १० मिळाले तरी खुश व्हा. मात्र या बाबतीत मी कठोर आहे: हे मिश्रण मुलांनी हातात धरायचं नाही, पैज म्हणूनही नाही. त्वचेवर थोडा वेळ राहिलं तरी भाजल्यासारखी जखम होते. हवा फार कोरडी असेल तर थर हलका येतो. तशा वेळी पेल्यावर फुंकर घालत बसा, श्वासातली वाफ कामी येते.

हेच तत्त्व सहा वर्षांच्या मुलीला स्वतःच्या हातानं करता येतं. पाण्यात तरंगता बर्फाचा खडा, त्यावर आडवा सुती दोरा, वर चिमूटभर मीठ, आणि मिनिट-दोन मिनिटं धीर. दोरा उचलला की खडाही वर येतो. मिठानं वरचा बर्फ वितळतो, ते पाणी दोऱ्याभोवती पसरतं आणि मीठ पातळ झालं की पुन्हा गोठून दोऱ्याला पकडतं. पहिल्या दोन-तीन खेपा फसतात, कारण कोणी ना कोणी मिठाची मूठ ओततं. फसू द्या. किती चिमटी मिठाला जमतं हे शोधणं हाच तर प्रयोग आहे.

फुगणाऱ्या सांताक्लॉजचा प्रयोग तुम्ही नक्की कुठेतरी पाहिला असेल. फुग्यावर दाढीवाला चेहरा काढायचा, फुग्यात खाण्याचा सोडा, बाटलीत व्हिनेगर, फुगा तोंडावर बसवून उलटायचा. फेस येतो, सांताचे गाल फुगतात, टाळ्या होतात, संपलं. सहा वर्षांच्या मुलीला एवढं पुरतं. दहाच्या मुलासाठी यात आणखी पुष्कळ आहे, तेवढं उकरून काढा. तीन बाटल्या, तीन फुगे. प्रत्येक बाटलीत पाच टक्क्यांचं व्हिनेगर ७० मिलिलिटर मोजून घ्या. पहिल्या फुग्यात सपाट अर्धा चमचा सोडा, दुसऱ्यात एक, तिसऱ्यात दोन. चमचा ५ मिलिलिटरचा मोजमापाचा. उलटण्याआधी प्रत्येकानं कागदावर लिहायचं: तिसरा फुगा दुसऱ्याच्या दुप्पट होईल का? जवळजवळ सगळी मुलं ‘हो’ लिहितात, मोठी माणसंही लिहितात. होत नाही. सपाट चमचाभर सोड्याला पाच टक्क्यांचं ७० मिलिलिटर व्हिनेगर जेमतेम पुरतं आणि त्यातून सव्वा लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. दुसरा चमचा तळाशी पांढरा पडून राहतो, कारण त्याच्या वाट्याला व्हिनेगर उरलंच नाही. पुढे शाळेत रासायनिक समीकरणं येतील तेव्हा आठवायला ही तिसरी बाटली उपयोगी पडते. जमल्यास बाटलीला हात लावून बघा, ती गार लागते. फेस उसळतोय म्हणजे आत काहीतरी तापत असणार, हा मोठ्यांचा समज तिथल्या तिथे मोडतो. बाटलीला झाकण कधीही लावायचं नाही, फुगाच लावायचा. फुगा फुटला तर दचकायला होतं. झाकण उडालं तर डोळा जातो.

दिव्यांच्या माळेबद्दल विचारलंत म्हणून सांगते. भिंतीच्या प्लगला लागणारी कुठलीही माळ उघडून बघायची नाही, जुनी असली, बंद पडलेली असली तरी. घरी करायचं ते दोन पेन्सिल सेलवर. ते एकापुढे एक जोडले की ३ व्होल्ट मिळतात. सोबत १०० ओहमचा एक रोध (रेझिस्टर, वीजप्रवाह आवरणारा छोटा तुकडा) आणि काही एलईडी. बटण सेल वापरू नका, हे ठळक लक्षात ठेवा. घरात लहान मूल असेल तर तो सेल गिळला जाण्याचा धोका असतो, आणि अन्ननलिकेत अडकलेला बटण सेल दोन तासांत गंभीर इजा करू शकतो.

मुलाला आधी एक लाल एलईडी पेटवू द्या. उलटा लावला तर पेटत नाही, हे त्यानं स्वतः शोधावं. लांब पाय धन बाजूला. मग दोन लाल एलईडी एकापुढे एक लावायला सांगा. ते पेटत नाहीत, किंवा जेमतेम मिणमिणतात. एका लाल एलईडीला साधारण दोन व्होल्ट हवेत, दोघांना मिळून चार, आणि खिशात आहेत तीन. तेच दोन शेजारी-शेजारी लावले की दोघेही पेटतात. आता गंमत: लाल आणि निळा एकाच रोधामागे शेजारी-शेजारी लावा. लाल झकास पेटतो, निळा ढिम्म. मुलगा म्हणेल निळा बिघडलाय. त्याला लाल काढून टाकायला सांगा, निळा लगेच उजळतो, जरा मंदच सही. निळ्याला तीनच्या आसपास व्होल्ट लागतात आणि लाल एलईडी शेजारी असला की तो दाब दोनच्या वर जाऊच देत नाही. या एका कोड्यावर मी मुलांना तासभर भांडताना पाहिलंय. थॉमस एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन यानं १८८२ च्या नाताळात न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरी झाडावर लाल, पांढरे आणि निळे असे ८० छोटे विजेचे दिवे लावले होते. तोवर नाताळच्या झाडावर जळत्या मेणबत्त्या असत, सुकत चाललेल्या झाडावर. हे सांगितलं की मुलं त्या माळेकडे वेगळ्या नजरेनं बघतात.

मेणबत्तीचं निघालंच आहे तर तिचा एक प्रयोग. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ पासून मुलांसाठी नाताळची व्याख्यानं होतात. शास्त्रज्ञ मायकेल फॅरडेनं १८६० च्या नाताळात तिथे सहा व्याख्यानं फक्त मेणबत्तीवर दिली. सहा! त्यातला घरी जमणारा भाग असा: मेणबत्ती काही मिनिटं जळू द्या, वारा बंद करा, मग हळूच फुंकून विझवा. वातीतून पांढऱ्या धुराची दोरी वर जाते. पेटती काडी त्या दोरीला, वातीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर धरा. ज्योत धुरावरून उडी मारून खाली येते आणि मेणबत्ती पेटते, काडी वातीला न लावता. म्हणजे तो धूर नव्हता, मेणाची वाफ होती, आणि मेणबत्तीत जळतं ते मेणाची वाफच. वात फक्त वितळलेलं मेण वर ओढून आणते. काडी मोठ्यांनी धरायची, मुलांनी हात पाठीमागे बांधून उभं राहायचं, केस मोकळे नकोत, जवळ कागदी सजावट नको. मुलांना या प्रयोगात नुसतं बघण्याचं काम आहे, पण ते उत्तम काम आहे.

बाकीचे भराभर सांगते.

लाल कोबी चिरून गरम पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा, जांभळं पाणी गाळा, त्यात जाड कागदाच्या पट्ट्या बुडवून वाळवा. त्यावर कापसाच्या बोळ्यानं लिंबाचा रस लावला तर गुलाबी-लाल, खाण्याच्या सोड्याचं पाणी लावलं तर निळसर. नाताळचा हिरवा हवा असेल तर धुण्याचा सोडा लागतो, आणि तो हाताला आणि डोळ्यांना झोंबतो, तेव्हा तो मोठ्यांनीच लावायचा. पॉइन्सेटिया या नाताळात सजावटीला ठेवतात त्या झाडाच्या लाल पानांचा रसही असाच रंग बदलतो. ती पानंच आहेत, फुलं मधोमध बारीक पिवळी असतात. तिचा चीक मात्र कातडीला खाजवतो.

पाइनचा शंकू मिळाला तर सहा वर्षांच्या मुलीच्या स्वाधीन करा. उघडा शंकू पाण्यात बुडवून ठेवला की तास-दोन तासांत खवले मिटतात. बाहेर वाळत ठेवला की दिवस-दोन दिवसांत पुन्हा उघडतात. झाडावरून पडून कितीही महिने झाले तरी हे चालतं, कारण हे काम जिवंत पेशींचं नाही. खवल्याच्या दोन थरांपैकी बाहेरचा ओला झाल्यावर जास्त फुगतो, म्हणून खवला आत वळतो. कोरड्या हवेत बिया दूर उडाव्यात आणि ओल्या हवेत आत राहाव्यात, यासाठी झाडानं केलेली ही सोय. सोनेरी रंग मारलेला शंकू घेऊ नका, तो पाणी नीट पीत नाही.

चकचकीत गोल चेंडू झाडावर टांगलेत? मुलांना त्यात स्वतःचा चेहरा सुलटा पण मोठा दिसेल अशी जागा शोधायला सांगा. अर्धा तास शांतता लाभेल. अशी जागा नाहीच. बहिर्वक्र आरशात समोरची वस्तू सुलटी आणि लहानच दिसते, हे त्यांना थकल्यावर सांगा.

टाळायच्या दोन गोष्टी. हिमफुलाच्या बऱ्याच कृतींत तुरटीऐवजी बोरॅक्स (टाकणखार) सांगतात. स्फटिक देखणे येतात हे खरं, पण युरोपीय संघात बोरॅक्सचा समावेश प्रजननक्षमतेला घातक पदार्थांत होतो, आणि तुरटीनं काम होत असताना मुलांच्या हाती ते द्यायचं मला कारण दिसत नाही. दुसरा कोरडा बर्फ, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. धुकं छान पडतं, पण बंद खोलीत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि बंद डब्यात ठेवला तर डबा फुटतो. तो घरी नकोच.

सात दिवसांत हे सगळं करू नका. तीन निवडा आणि तेच दोनदा करा. दुसऱ्या खेपेला एकच गोष्ट बदला: फक्त मीठ, किंवा फक्त पाण्याचं तापमान, किंवा फक्त धाग्याची जात. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कुठलीमुळे काय झालं ते सांगता येत नाही, आणि दहा वर्षांचं मूल हे पटकन ओळखतं, समजावून सांगावं लागत नाही. सहाच्या मुलीला लिहिता येत नसेल तर चित्र काढू द्या, आधीचं आणि नंतरचं.

आणि ती पहिली, फसलेली मिठाची बरणी अजून ओतून दिली नसेल तर ते पाणी एका पसरट, गडद रंगाच्या ताटलीत ओता आणि कोणी हलवणार नाही अशा कोपऱ्यात ठेवा. झाकू नका. पाणी उडायला चार दिवस लागतील, हवा दमट असेल तर आठ. मग भिंग घेऊन धाकटीलाच आधी बघू द्या. तळाशी बारीक चौकोनी ठोकळे बसलेले दिसतील, काहींच्या अंगावर पायऱ्यापायऱ्यांची नक्षी. त्यांना कोपरे किती, ते तिलाच मोजू द्या.